पगार कुणाच्या रोलवर?

खामगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या एमआयडीसीत कामाला लागणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पगार किती, हा. पगार देणार कोण, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारायला हवा, पण तो बहुतेकदा मागेच राहतो. एकाच मशीनवर, एकाच पाळीत शेजारी उभे असलेले दोघे दोन वेगळ्या मालकांचे नोकर असू शकतात. एकाचे नाव कंपनीच्या रोलवर असते, दुसऱ्याचे ठेकेदाराच्या. सरकारी कार्यालयांतले शिपाई, सफाई कामगार, डेटा एंट्री ऑपरेटर, वीजवाहिन्यांवर चढणारे कामगार यांचीही हीच गत आहे: काम सरकारचे, पगार एजन्सीचा. वार्षिक उद्योग पाहणीचे आकडे पाहिले तर देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांचा वाटा नव्वदीच्या दशकाअखेर साधारण १६ टक्के होता. आता तो ४० टक्क्यांच्या पुढे गेला आहे. म्हणजे हा प्रश्न चार-दोन जणांचा उरलेला नाही. माझे म्हणणे असे की, मध्यस्थ आहे एवढ्याने अन्याय होतो असे नाही. मात्र दोन गोष्टी तपासायलाच हव्यात. मध्यस्थाची कमाई नेमकी कुठून निघते? आणि उद्या त्याने हात वर केले, तर त्याच्यामागे कुणाला जाब विचारता येतो? या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्या रोलवरचा पगार कितीही मोठा सांगितला जावो, कंपनीच्या रोलवरचा लहान आकडा अधिक मोलाचा आहे.

आकड्यांपासूनच सुरुवात करू. समजा, एका कारखान्यात कंपनीच्या रोलवर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये मिळणार आहेत आणि त्याच गेटवर ठेकेदार म्हणतो, ‘माझ्याकडे सोळा हजार.’ ऐकणारा साहजिकच दुसरीकडे वळतो. कंपनीच्या पगारातून कामगाराचा स्वतःचा १२ टक्के पीएफ, म्हणजे १,६८० रुपये कापले जातील आणि १२,३२० रुपये हातात येतील. कंपनी आपला १२ टक्के हिस्सा वरून भरेल. ठेकेदाराचे सोळा हजार मात्र बहुतेकदा ‘सगळे धरून’ असतात. मालकाने भरायचा १२ टक्के हिस्सा, शिवाय विमा आणि प्रशासनखर्चाचा एक टक्का, असे १३ टक्के त्याच सोळा हजारांत बसवलेले असतात. उलटा हिशेब केला तर खरा पगार १४,१५९ रुपये निघतो आणि त्यातून कामगाराचा हिस्सा वजा जाता हातात येतात १२,४६० रुपये. दोन हजारांचा वाटणारा फरक एकशे चाळीस रुपयांवर आला. अजून बोनस राहिला. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के आहे आणि तो सात हजार रुपये किंवा किमान वेतन यांतल्या मोठ्या रकमेवर काढायचा असतो. अगदी सात हजारांवर धरला तरी वर्षाला जवळपास सात हजार, म्हणजे महिन्याला ५८३ रुपये होतात. हा बोनसही ठेकेदाराने सोळा हजारांतच धरला असेल, तर खरा पगार १३,६४३ आणि हातात येणारी रक्कम सुमारे १२,००० रुपये. आता सोळा हजारांची नोकरी चौदा हजारांच्या नोकरीपेक्षा महिन्याला तीनशे रुपयांनी कमी ठरली. जिथे राज्य कामगार विमा योजना लागू आहे तिथे मालकाचा ३.२५ टक्के हिस्साही असाच आत ढकलला जातो. मालकाचा हिस्सा कामगाराच्या मजुरीतून वसूल करायला पीएफच्या कायद्यात मनाई आहे. पण मोठा आकडा तोंडी सांगितलेला असतो, कागदावर पगार म्हणून तो कधी आलेलाच नसतो, त्यामुळे कपात झाली हे सिद्ध तरी कसे करणार?

वरच्या हिशेबात ठेकेदार प्रामाणिक धरला आहे. तो सगळे पैसे भरतो, फक्त आकडा फुगवून सांगतो. खरी अडचण त्याच्या नफ्याच्या गणितात आहे. कंपनी निविदा मागवते तेव्हा किमान वेतन, पीएफ आणि विमा हे खर्च कायद्याने ठरलेले असतात. ते सगळ्या ठेकेदारांना सारखेच. स्पर्धा उरते ती फक्त सेवाशुल्कावर. हे शुल्क इतके खाली नेले जाते की त्यात कार्यालय चालवणे, विलंबाने मिळणाऱ्या बिलापर्यंत पगार स्वतःच्या खिशातून देणे आणि वर नफा कमावणे शक्यच नसते. मग नफा येतो कुठून? हजेरीतले दोन दिवस खाल्ले जातात, जादा कामाचे पैसे दुपटीऐवजी एकपटीने दिले जातात, पीएफ कापला जातो पण भरला जात नाही, गणवेश आणि बुटांचे पैसे कापले जातात, बँकेत पूर्ण पगार जमा करून त्यातला काही भाग रोखीने परत मागितला जातो. दर वर्षी-दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो, माणसे तीच राहतात, पण नव्या ठेकेदाराच्या कागदावर ती नवीन असतात. त्यामुळे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर लागू होणारी ग्रॅच्युइटी कधी लागूच होत नाही. ही काही आजची रीत नाही. गिरण्यांच्या काळात मुकादम हाच भरती करी, रजा देई आणि काढूनही टाकी. १९३१ साली अहवाल देणाऱ्या कामगारविषयक शाही आयोगाने, नोकरी मिळवायला आणि टिकवायला कामगारांना अशा मुकादमांना पैसे चारावे लागतात, हे स्वच्छ नोंदवले होते. खामगावला रेल्वे आली १८७० मध्ये, कापसासाठी. त्या कापसाची गाठ बांधणाऱ्या हातांपर्यंत पूर्ण मजुरी पोचावी यासाठीचे कायदे यायला पुढे कितीतरी दशके गेली.

कायदा काय म्हणतो? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक फार महत्त्वाची तरतूद होती: ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती मूळ मालकाने द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही हे तत्त्व टिकले आहे. नव्या संहितांनी प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले, मागितल्यावर ठेकेदाराने अनुभवाचा दाखला द्यायचा असे ठरवले आणि कारखान्याच्या मूळ कामात ठेक्याने माणसे लावायला मनाई केली. पण त्याच वेळी या मनाईला अपवाद इतके ठेवले की दार अर्धे उघडेच राहिले. सफाई, पहारा, उपाहारगृह, आवारातली चढ-उतार ही कामे सर्वसाधारणपणे मूळ कामात धरलीच जात नाहीत. शिवाय ठेकेदारीचे नियम पन्नास किंवा अधिक माणसांच्या ठेकेदाराला लागतात. महाराष्ट्राने तर ही मर्यादा जुन्या कायद्यातच विसावरून पन्नासवर नेली होती. जिनिंगला तीस माणसे पुरवणारा ठेकेदार या नियमांतून सुटतो. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की वेतन संहिता अशी संख्या पाहत नाही: पगार थकला तर ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर ती जबाबदारी येते. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या कामगारांना माहीत आहे आणि ती माहीत नसण्याचा फायदा दोन्ही बाजूंचे मालक घेतात.

न्यायालयांचा कौल वेळोवेळी हेलकावे खात आला आहे. १९७८ मध्ये कालिकतच्या एका दोरखंड कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मधल्या ठेकेदारांचा पडदा दूर सारून, कामगाराच्या पोटावर ज्याचे नियंत्रण तोच खरा मालक, अशी भूमिका घेतली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालय त्याहून पुढे गेले: ठेका पद्धतीला बंदी आली की कामगार आपोआप मूळ मालकाचे. ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल रद्द ठरवला. ठेका हा निव्वळ देखावा होता हे सिद्ध करून दाखवा, तरच तुम्ही मूळ मालकाचे कामगार, असे त्यानंतरचे सूत्र राहिले. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो खटल्यात मात्र, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे राबलेल्या सफाई कामगार महिला आणि माळ्याला नियमित करण्याचा आदेश देताना न्यायालयाने, कायम स्वरूपाचे काम तात्पुरत्या नावाने करून घेण्याच्या सरकारी सवयीवर कडक ताशेरे ओढले. या साऱ्यातून कामगाराने घ्यायचा अर्थ व्यावहारिक आहे. देखावा सिद्ध करता येतो, पण त्याला वर्षे लागतात आणि तोवर घर चालवायचे असते. म्हणून जो निर्णय न्यायालयात दहा वर्षांनी मिळेल, तो नोकरी धरतानाच आपल्या बाजूने पाडून घेणे शहाणपणाचे.

जबाबदारीची साखळी लांबली की काय होते हे अपघाताच्या वेळी सर्वांत स्पष्ट दिसते. २० ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजा तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या कामावरच्या मजुरांना नेणारा, लोखंडी सळयांनी भरलेला टिप्पर उलटला आणि तेरा मजूर मरण पावले. महामार्ग सरकारी महामंडळाचा, काम मोठ्या कंपन्यांचे, त्यांच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम: ७०१ किलोमीटरच्या अशा कामांची रचना ही अशीच असते. शंभर वर्षांपूर्वीच्या, १९२३ च्या भरपाई कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले होते. ठेकेदाराचा माणूस कामावर दगावला तर मूळ मालकाने, तो आपलाच कामगार होता असे समजून भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराशी हिशेब करावा. ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. तरतूद उत्तम आहे. पण तो माणूस त्या दिवशी त्या कामावर होता, हे दाखवणारी हजेरी किंवा पगाराची चिठ्ठी मागे राहिलेल्या विधवेच्या हातात असेल तरच तिचा उपयोग. दूरच्या राज्यातून आलेल्या, मुकादमाच्या वहीत फक्त पहिल्या नावाने नोंदलेल्या मजुराच्या घरच्यांनी ती कुठून आणायची?

यावर उद्योजकांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत आटोपतो. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे कामही आवकेवर चालते. चार महिन्यांच्या कामासाठी बारा महिन्यांची माणसे कुणी ठेवावी? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर ठेकेदार हेच एकमेव नाही. मुदतीची नेमणूक हा पर्याय आता कायद्यात स्पष्टपणे आहे. कंपनी स्वतःच्या रोलवर ठरावीक महिन्यांसाठी माणूस घेऊ शकते, मुदत संपली की नोकरी संपते. त्या काळात पगार आणि सवलती कायम कामगाराइतक्याच, आणि वर्षभर काम झाले तर ग्रॅच्युइटीही. लवचिकता हवी असेल तर ती इथे आहे. ठेकेदाराचा आग्रह तरीही कायम राहत असेल, तर मालकाला हवी असलेली गोष्ट लवचिकता नसून जबाबदारीतून सुटका आहे, असा निष्कर्ष काढणे भाग पडते. दुसरा युक्तिवाद असा की ठेकेदार माणसे शोधून आणतो, ते कंपनीला जमत नाही. मग शोधण्याचे शुल्क त्याला एकदा द्यावे. माणूस गाठून देणे आणि आयुष्यभर त्याचा पगार आपल्या हातातून जाऊ देणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. ती एकत्र बांधायची गरज नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी अर्धा मान्य करतो. देशभर माणसे पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या पीएफ वेळेवर भरतात, पगार सात तारखेच्या आत खात्यात टाकतात, चिठ्ठी मोबाइलवर पाठवतात. उलट गावातला छोटा कारखानदार ‘तू आमचाच माणूस’ म्हणत आठवड्याच्या आठवड्याला रोख हातावर ठेवतो आणि नाव कुठल्याच वहीत नसते. अशा वेळी मध्यस्थाचा रोल चांगला, यात शंका नाही. थेट नोकरीचे मोल ती थेट आहे म्हणून नाही, ती कागदावर आहे आणि जाब विचारायला माणूस समोर आहे म्हणून आहे. पण चांगल्या एजन्सीबाबतही एक प्रश्न शिल्लक राहतोच: तिचे कंत्राट संपले तर कंपनी नवी एजन्सी आणते, आणि जुनी एजन्सी तुम्हाला दुसरीकडे काम देईल तर ते पुण्यात किंवा नाशकात. बुलढाण्यात घर असलेल्या माणसाला ती नोकरी गेल्यासारखीच.

सरकारने या बाबतीत उद्योगांना धडा घालून द्यायला हवा होता, पण घडले उलट. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी संस्थांच्या पॅनेलमार्फत मनुष्यबळ घ्यायला आपल्या कार्यालयांना मुभा दिली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रस्त्यावर उतरली आणि २० ऑक्टोबरला तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले. निर्णय मागे गेला, पद्धत गेली नाही. खाती आपापल्या निविदांतून एजन्सी नेमतच आहेत. काही राज्यांनी निदान मध्यस्थाचा नफा काढून घेण्याचा प्रयत्न केला. हरियाणाने २०२१ मध्ये त्यासाठी सरकारी निगम काढला, उत्तर प्रदेशाने सप्टेंबर २०२५ मध्ये तशाच निगमाला मंजुरी दिली, गोव्यातही सरकारी महामंडळ सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार खात्यांना पुरवते. हे निगम नोकरी कायम करत नाहीत, त्यामुळे त्यांना पूर्ण उत्तर म्हणता येणार नाही. पण पगारातून खासगी कमाई होण्याची वाट त्यांनी निदान अरुंद केली, आणि माझ्या दोन कसोट्यांपैकी पहिलीवर ते बऱ्याच अंशी उतरतात.

यात खेदाची गोष्ट ही की याहून चांगला नमुना महाराष्ट्राने साऱ्या देशाच्या आधी घडवला होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला. हमालाला एकच एक मालक नसतो. सकाळी या अडत्याचे पोते, दुपारी त्या व्यापाऱ्याचा ट्रक. मग त्याचा पीएफ कोण भरणार? कायद्याने मधे मंडळ उभे केले, ज्यात कामगार, मालक आणि सरकार यांचे प्रतिनिधी बसतात. व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, औषधोपचार भागवते. व्यापारी बदलला तरी कामगाराचे खाते तुटत नाही. मंडळ हाही मध्यस्थच, पण त्याला नफा कमवायचा नाही. १९८१ मध्ये हेच तत्त्व सुरक्षारक्षकांना लागू केले गेले. व्यापारी म्हणतात, लेव्ही फार होते. आणि माथाडीच्या नावावर बोगस टोळ्या खंडणी उकळतात. खंडणीची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर पोलिसी कारवाई व्हायलाच हवी, पण ती कायद्याच्या नावाचा गैरवापर करणाऱ्यांची आहे. मंडळाकडे नोंदलेल्या हमालाची नव्हे. लेव्हीचे म्हणाल, तर ती रजा, बोनस आणि म्हातारपणाची सोय यांचीच किंमत आहे. ती कुणीतरी भरायचीच असते. व्यापाऱ्याने भरली नाही तर हमाल आपल्या पाठीने आणि म्हातारपणाने भरतो. खामगाव-मलकापूरच्या बाजार समित्यांतल्या प्रत्येक तोलाई-हमालापर्यंत ही नोंदणी पोचावी, आणि हाच नमुना कंत्राटी संगणकचालक, परिचर, वाहनचालक यांच्यासाठीही उभा राहावा, असे मला कळकळीने वाटते.

साता समुद्रापलीकडेही गणित हेच आहे. ब्रिटनमध्ये एजन्सीमार्फत काम करणाऱ्या आपल्या मराठी मुलांना अनेकदा विचारले जाते, पगार थेट एजन्सीच्या पेरोलवर हवा की ‘अंब्रेला कंपनी’मार्फत? दुसऱ्या वाटेने सांगितलेला दर मोठा दिसतो, पण मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा हिस्सा, जो एप्रिल २०२५ पासून १५ टक्के झाला, आणि अंब्रेला कंपनीचे शुल्क त्याच दरातून जाते. काही अंब्रेला कंपन्या कर न भरताच गायब झाल्या, तेव्हा तिथल्या सरकारने ६ एप्रिल २०२६ पासून त्या कराची जबाबदारी एजन्सीवरही टाकण्याची तरतूद केली. आपल्या १९७० च्या कायद्याने मजुरीबाबत जे केले, तेच तिथे कराबाबत पन्नास-पंचावन्न वर्षांनी होत आहे. आपल्याकडे कायदा लवकर आला. उणीव आहे ती त्याचा आधार घेऊन तक्रार करणाऱ्यांची आणि ती ऐकून घेणाऱ्या पुरेशा अधिकाऱ्यांची.

तेव्हा कामाला लागण्याआधी नेमणूकपत्र मागा आणि त्यात मूळ पगार किती, हे आकड्यात लिहून घ्या. ‘सगळे धरून’ सांगितलेल्या रकमेवर विसंबू नका. ठेकेदाराकडे जावे लागलेच, तर ज्या कंपनीत काम करायचे तिचे नाव पत्रावर आणि हजेरीपत्रकावर आहे ना, ते पाहा. यूएएन क्रमांक चालू करून घ्या आणि पहिल्या पगारानंतर पीएफचे पासबुक मोबाइलवर उघडा. कापलेला पैसा सलग दोन महिने जमा दिसला नाही, तर तोंडी विचारणा करत बसू नका. पीएफ कार्यालयात आणि कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, आणि त्या अर्जात ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचेही नाव घाला.